जुना फ्रिज बदलायचाय? घाई करू नका, आधी हे वाचा

मे महिना होता. अकोल्याचं ऊन ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको. आमचा अकरा वर्षांचा डबल डोअर फ्रिज दुपारी बंद पडला. मेकॅनिक आला, म्हणाला, "मॅडम, गॅस संपला." गॅस भरला, पैसे दिले. अठरा दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा गॅस, पुन्हा पैसे. तिसऱ्यांदा मात्र त्याने सरळ हात वर केले, "आता नवीनच घ्या."

घरात अब्बांचं इन्सुलिन होतं, त्यामुळे थांबायला वेळ नव्हता. त्याच संध्याकाळी दुकानात गेलो आणि विक्रेत्याने जो दाखवला तो काचेच्या चकचकीत दाराचा मोठा फ्रिज घेऊन आलो. आठ महिन्यांत त्याचं कंट्रोल बोर्ड जळलं. तेव्हा कळलं की कंपनीचं सर्व्हिस सेंटर आमच्या शहरात नाहीच, माणूस दुसऱ्या जिल्ह्यातून येतो. अकरा दिवस इन्सुलिन शेजारच्या भाभींच्या फ्रिजमध्ये राहिलं. अम्मी रोज सकाळ-संध्याकाळ ते आणायला आणि ठेवायला जायच्या.

मी शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना बाष्पीभवन शिकवणारी बाई स्वतःच्या फ्रिजच्या बाबतीत अशी फसली, याची लाज वाटली. मग बसून सगळं समजून घेतलं. मेकॅनिक लोकांना प्रश्न विचारले, लेबलं वाचली, हिशोब मांडला. त्याचं सार इथे देते. एक गोष्ट पक्की समजली: चांगला फ्रिज म्हणजे महागडा किंवा मोठ्या नावाचा फ्रिज नव्हे. जो आपल्या घरच्या विजेवर, आपल्या गावच्या उन्हात चालतो आणि बिघडला तर आपल्याच गावात दुरुस्त होतो, तो चांगला फ्रिज.

आधी ठरवा: खरंच नवीन हवा का?

फ्रिज थंड करत नाही याचा अर्थ तो मेला असा नाही. नवीन घेण्याआधी या गोष्टी तपासा.

१. काहीच चालू नाही, आतला दिवाही नाही. आधी प्लग, बोर्ड आणि स्टॅबिलायझर बघा. त्याच सॉकेटला दुसरं उपकरण लावून पाहा. निम्म्या वेळा दोष फ्रिजच्या बाहेर असतो.

२. दिवा लागतो, पण मागे "टक" आवाज येऊन मोटर बंद होते. रिले, ओव्हरलोड किंवा कपॅसिटर गेला असू शकतो. हे सुटे भाग कॉम्प्रेसरच्या मानाने फार स्वस्त आहेत. व्होल्टेज कमी असेल तरीही असंच होतं.

३. वर फ्रीझरमध्ये बर्फ आहे, खाली मात्र भाजी गरम. फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये ही तक्रार नेहमीची आहे. आत एक छोटा हीटर ठरावीक वेळाने कॉइलवरचा बर्फ वितळवतो. तो हीटर, त्याचा टायमर किंवा सेन्सर बिघडला की मागच्या पत्र्याआड बर्फाची भिंत तयार होते आणि थंड हवा खाली येत नाही. घरच्या घरी परीक्षा करता येते: फ्रिज रिकामा करा, बंद करा आणि दारं उघडी ठेवून एक दिवस तसाच राहू द्या. त्यानंतर तो चार-सहा दिवस छान चालून पुन्हा तीच तक्रार आली, तर दोष डीफ्रॉस्टचा आहे, गॅसचा नाही.

४. दाराचं रबर. दारात कागद किंवा दहाची नोट अडकवून दार लावा आणि ओढा. नोट अलगद सुटून आली तर रबर सैल झालंय. चारही बाजूंनी करून पाहा. रबर बदलता येतं.

५. गॅस. हे नीट लक्षात ठेवा. फ्रिजमधला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांमध्ये वर्षानुवर्षं फिरत राहतो. गॅस कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता नुसता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. माझे पैसे दोनदा असेच गेले. मेकॅनिकला पहिला प्रश्न हाच विचारा: "गळती कुठे सापडली, ते दाखवा."

आता बदलायचा कधी? माझा साधा ठोकताळा असा: फ्रिज आठ-दहा वर्षांहून जुना असेल आणि दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याच्या वर जात असेल, तर बदला. कॉम्प्रेसर गेला असेल, किंवा गळती भिंतीच्या आतल्या, फोममध्ये दडलेल्या नळीत असेल, तरीही बहुतेक वेळा बदलणंच परवडतं. बाकी बाबतींत आधी दुसऱ्या मेकॅनिकचं मत घ्या.

केवढा घ्यायचा?

दुकानात सगळ्यात आधी लिटर विचारतात. तीन-चार माणसांच्या घराला साधारण १८० ते २५० लिटर, पाच-सहा माणसांना २५० ते ३५० लिटर पुरतात. पण माणसं मोजण्यापेक्षा सवयी मोजा. रोज ताजी भाजी येते की आठवड्याची एकदम? दूध दोन पिशव्या की सहा? उरलेलं सालन दुसऱ्या दिवशी खाल्लं जातं की नाही?

लेबलवर दोन आकडे असतात, एकूण क्षमता आणि प्रत्यक्ष साठवण क्षमता. जाहिरातीत बहुधा मोठा आकडा छापतात. तुलना करताना साठवण क्षमता बघा. शिवाय घरचं सगळ्यात मोठं पातेलं मोजून जा. दोन फळ्यांमध्ये ते बसलं नाही तर लिटर कितीही असोत, उपयोग नाही.

आणि घराचा दरवाजा मोजा, जिन्याचं वळणही मोजा. हसू नका, आमच्या मोहल्ल्यात एका घरी फ्रिज दोन तास दारातच अडकला होता.

बकरी ईदसाठी मोठा फ्रिज?

हा प्रश्न आपल्या घरांत हमखास निघतो. वर्षातल्या तीन-चार दिवसांसाठी बारा महिने मोठा फ्रिज चालवायचा का? माझं मत, नाही. कुर्बानीचं गोश्त बिघडतं ते जागा कमी म्हणून कमी, आणि सगळं एकदम कोंबलं म्हणून जास्त. घरचा फ्रीझर ताजं, उष्ण गोश्त दहा-पंधरा किलो एकदम गोठवू शकत नाही. बाहेरचा थर गोठतो, मधला भाग कित्येक तास कोमट राहतो आणि तिथेच जंतू वाढतात. वर शेजारी ठेवलेल्या बाकी वस्तूही गरम होतात.

उपाय सोपा आहे. आदल्या रात्री फ्रीझर रिकामा करून थंडावा सगळ्यात जास्त करा. गोश्त अर्ध्या किलोच्या चपट्या पिशव्यांत भरा, चपटी पिशवी लवकर गोठते. सगळ्या एकावर एक न रचता मध्ये हवेला वाट ठेवा आणि टप्प्याटप्प्याने ठेवा. नातेवाइकांचा आणि गरिबांचा हिस्सा त्याच दिवशी पोचला तर फ्रिजवरचा भारही आपोआप हलका होतो.

ज्यांना बारा महिने गोश्त किंवा मासळी साठवायची असते, त्यांनी मात्र सिंगल डोअरमधल्या छोट्या बर्फाच्या कप्प्यावर भिस्त ठेवू नये. तिथे बर्फ जमतो, पण दीर्घ साठवणीला लागणारे उणे १८ अंश तिथे बहुधा मिळत नाहीत. त्यासाठी वेगळ्या दाराचा फ्रीझर हवा.

सिंगल डोअर की डबल डोअर?

सिंगल डोअर फ्रिज बहुतेक "डायरेक्ट कूल" असतात. त्यात पंखा नसतो, थंडावा आपोआप खाली उतरतो. बर्फ जमतो आणि बटण दाबून तो वितळवावा लागतो. भाग कमी, त्यामुळे बिघाडही कमी आणि दुरुस्ती स्वस्त. वीज गेल्यावर जमलेला बर्फच थोडा वेळ थंडावा टिकवतो. लहान कुटुंब, भाड्याचं घर, वारंवार वीज जाणारं गाव, यांच्यासाठी हा प्रकार आजही उत्तम.

डबल डोअर बहुतेक "फ्रॉस्ट फ्री" असतात. पंखा थंड हवा सगळीकडे फिरवतो, बर्फ साचत नाही, फ्रीझर मोठा असतो. पण त्यात पंखा, हीटर, सेन्सर, कंट्रोल बोर्ड असे बिघडणारे भाग जास्त. मोठ्या कुटुंबाला सोय यातच आहे, फक्त सर्व्हिस जवळ हवी.

दारावर पाण्याचा नळ, बाहेर स्क्रीन, वाय-फाय, रंगीत काच, यातलं काहीही भाजी थंड करत नाही. प्रत्येक जादा सोय म्हणजे बिघडायला एक जादा जागा.

"इन्व्हर्टर" या शब्दाचा घोळ

आमच्या स्टाफरूममध्येसुद्धा निम्म्या जणांचा समज होता की इन्व्हर्टर फ्रिज वीज गेल्यावर चालत राहतो. तसं नाही. त्यात बॅटरी नसते. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर म्हणजे मोटरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त होतो. साधा कॉम्प्रेसर एक तर पूर्ण वेगाने चालतो किंवा पूर्ण बंद राहतो. वेग बदलणाऱ्याला वीज कमी लागते, आवाज कमी येतो आणि सुरू होताना झटका कमी बसतो, म्हणून घरच्या बॅटरी-इन्व्हर्टरवर तो चालवणं सोपं जातं.

पण त्याचा मेंदू म्हणजे एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतं. वीज जाऊन परत येताना दाब उसळला की हेच बोर्ड जळतं. आमचं तसंच जळलं. म्हणून इन्व्हर्टर फ्रिज जरूर घ्या, पण पुढचा मुद्दा सोडू नका.

वीज: स्टॅबिलायझर, अर्थिंग, प्लग

"स्टॅबिलायझरची गरज नाही" असं दारावर चिकटवलेलं असतं. त्यासोबत व्होल्टेजची मर्यादा छापलेली असते, ती वाचा. तुमच्याकडचं व्होल्टेज त्या मर्यादेत राहतं का, हे वायरमन मीटर लावून सांगतो. संध्याकाळी सात ते दहा आणि भर दुपारी, अशा दोन वेळा मोजून घ्या. दिवे मिणमिणत असतील, पंखा कधी हळू कधी जोरात फिरत असेल, तर स्टॅबिलायझर लावाच. वीज परत आल्यावर तीन-पाच मिनिटं थांबून मग फ्रिज सुरू करणारा स्टॅबिलायझर घ्या. तेवढ्या वेळात नळ्यांमधला दाब सारखा होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येत नाही.

अर्थिंग नसलेल्या घरात फ्रिजच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. ती थट्टेवारी न्यायची गोष्ट नाही, ओल्या हाताने जीव जाऊ शकतो. नवीन फ्रिज येण्याआधी अर्थिंग दुरुस्त करा. तीन पिनांचा प्लग थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा. एक्स्टेंशन बोर्डवर फ्रिज, मिक्सर आणि चार्जर एकत्र नको.

स्टार लेबल कसं वाचायचं?

वीज बचतीचं लेबल ऊर्जा दक्षता ब्युरो, म्हणजे बीईई, या केंद्र सरकारच्या संस्थेच्या नियमांप्रमाणे लावतात. आपण फक्त तारे मोजतो, आणि तिथेच चुकतो.

पहिलं, ताऱ्यांचे निकष काही वर्षांनी कडक होतात. त्यामुळे जुन्या लेबलचे पाच तारे आणि नव्या लेबलचे पाच तारे सारखे नसतात. लेबलवर कालावधी छापलेला असतो, तो बघा. दुकानदार जुना माल "फाइव्ह स्टार" म्हणून खपवत नाही ना, हे त्यातून कळतं.

दुसरं, डायरेक्ट कूल आणि फ्रॉस्ट फ्री यांचे निकष वेगळे आहेत. एकाचे तीन तारे दुसऱ्याच्या तीन ताऱ्यांशी ताडून बघू नका.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, लेबलवर वर्षाला किती युनिट लागतात तो आकडा असतो. तोच खरा. समजा एका फ्रिजला वर्षाला २४० युनिट लागतात आणि दुसऱ्याला १८०. फरक ६० युनिटांचा. तुमच्या बिलात शेवटच्या टप्प्याचं युनिट सर्व कर धरून १० रुपयांना पडत असेल, तर वर्षाला ६०० रुपये वाचतील, दहा वर्षांत ६,०००. दुसरा फ्रिज ३,००० रुपयांनी महाग असेल तर घ्या. ९,००० ने महाग असेल तर नको.

दर मात्र शेवटच्या टप्प्याचाच धरा. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून बराच जास्त, मग ३०१ ते ५०० ला आणखी जास्त, अशी चढण असते. फ्रिज चोवीस तास चालतो. ज्यांचं बिल १०० युनिटांच्या काठावर आहे, त्यांना कमी युनिट खाणारा फ्रिज दुपटीने उपयोगी पडतो.

मागची छोटी पट्टी वाचा

फ्रिजच्या मागे किंवा आत एक पट्टी असते. तिच्याकडे कुणी बघत नाही. दोन गोष्टी बघा.

एक, हवामान वर्ग. "एन" म्हणजे ३२ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी, "एसटी" म्हणजे ३८ पर्यंत आणि "टी" म्हणजे ४३ अंशांपर्यंत. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात "टी" वर्गच हवा. पत्र्याच्या छताचं स्वयंपाकघर उन्हाळ्यात ४३ च्याही वर जातं. तिथे फ्रिज शक्य तितक्या थंड खोलीत, चुलीपासून आणि खिडकीच्या उन्हापासून दूर ठेवा. मागे आणि बाजूला हवा खेळायला वितभर तरी जागा सोडा. नव्या फ्रिजमध्ये उष्णता सोडणारी नळी बाजूच्या पत्र्याआड असते, त्यामुळे बाजू गरम लागतात. ते बिघडल्याचं लक्षण नाही, पण तिथे पडदा किंवा गोणी टेकवू नका.

दोन, गॅसचं नाव आणि वजन. आजकाल बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो पर्यावरणाला बरा, पण ज्वलनशील आहे. प्रमाण अगदी थोडं, काही ग्रॅमच असतं, म्हणून वापरताना घाबरायचं कारण नाही. दुरुस्तीला मात्र या गॅसचं काम येणारा माणूसच हवा. पट्टीवर किती ग्रॅम गॅस भरायचा तेही लिहिलेलं असतं. जो मेकॅनिक वजनकाटा न आणता अंदाजाने गॅस भरतो, किंवा गॅस बाहेर न काढता नळीला आगीचा टॉर्च लावतो, त्याला नम्रपणे परत पाठवा.

कोणती कंपनी?

हा प्रश्न सगळे विचारतात, म्हणून स्पष्ट लिहिते. भारतीय कंपन्यांमध्ये गोदरेजने १९५८ साली पहिल्यांदा फ्रिज बनवले, त्यांचा एक कारखाना साताऱ्याच्या शिरवळला आहे. व्हर्लपूल, एलजी आणि हायर या तिन्ही कंपन्यांचे कारखाने पुणे जिल्ह्यात रांजणगावला आहेत. म्हणजे आपल्या घरांतले पुष्कळ फ्रिज याच मातीत तयार झालेत. प्रत्येक कंपनीची चांगली मॉडेलं असतात आणि फसलेलीही. नावावर जाऊ नका, पत्त्यावर जा. दुकानात जाण्याआधी तीन कामं करा.

- कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करून आपला पिनकोड सांगा आणि विचारा, "इथे सर्व्हिस कोण देतं? किती दिवसांत माणूस येतो?"
- मोहल्ल्यातल्या दोन मेकॅनिकांना विचारा, "कोणत्या कंपनीचे पार्ट इथे लगेच मिळतात?" त्यांच्याइतकं खरं कुणी सांगत नाही.
- नातेवाइकांत ज्यांनी पाच-सात वर्षांपूर्वी फ्रिज घेतलाय त्यांना विचारा. गेल्या महिन्यात घेतलेल्याची तारीफ अजून उपयोगाची नाही.

वॉरंटी: दहा वर्षं कशाची?

मोठ्या अक्षरात "दहा वर्षं वॉरंटी" लिहितात. बारीक अक्षरात बहुधा असतं, पूर्ण फ्रिजला एक वर्ष, दहा वर्षं फक्त कॉम्प्रेसरला. म्हणजे सातव्या वर्षी कॉम्प्रेसर गेला तर कॉम्प्रेसर फुकट, पण गॅस, मजुरी आणि ने-आण यांचे पैसे आपल्याला भरावे लागू शकतात. बोर्ड, पंखा, रबर तर त्यात नसतातच. इन्व्हर्टर फ्रिज घेताना एकच विचारा: "बोर्डवर वॉरंटी किती?" उत्तर बिलावर लिहून घ्या.

जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेल आणि सीरियल नंबर हवा. कच्च्या चिठ्ठीवर हजार रुपये वाचतात आणि वॉरंटी जाते. बिलाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा, छपाई वर्षभरात उडून जाते.

हप्त्यांवर घ्यायचा का?

आपल्यापैकी बरेच जण व्याज टाळतात. त्यांना दुकानात सांगतात, "हे तर झिरो टक्के आहे, व्याज नाहीच." दीनी बाजू आलिमांना विचारा, मी फक्त हिशोब दाखवते. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते. व्याज कुठेतरी लपलेलं असतं, एक तर प्रोसेसिंग फीमध्ये, नाही तर रोखीला मिळणारी सूट काढून घेण्यात.

दुकानात एकच वाक्य विचारा: "रोख दिले तर शेवटची किंमत किती?" समजा हप्त्यांवर ४,००० चे सहा, म्हणजे २४,००० आणि वर ५०० फी. रोख २२,५००. मग २,००० रुपये कशाचे गेले, हे आपल्याला समजतं. ज्यांना थांबता येईल त्यांनी घरातली भिशी किंवा दर महिन्याची बचत करून रोखीने घ्यावा. जुना फ्रिज कुरकुरू लागला त्याच महिन्यापासून बाजूला टाकायला सुरुवात केली, तर ऐन वेळी हात पसरावा लागत नाही.

जुना, वापरलेला घेताना

नवीन परवडत नाही म्हणून वापरलेला घेण्यात कमीपणा नाही. विकणाऱ्याला आधीच सांगा की मी येण्याच्या चार तास आधीपासून फ्रिज चालू ठेवा. गेल्यावर फ्रीझरमध्ये हात घाला, नोटेची परीक्षा करा, मागच्या पट्टीवर उत्पादनाचं वर्ष बघा. कॉम्प्रेसरजवळच्या नळ्यांवर ताजे जोड किंवा नवा काळा रंग दिसला तर विचारा की काय काम झालंय. दहा वर्षांहून जुना असेल तर कितीही स्वस्त मिळो, सोडून द्या.

घरी आल्यावर पहिला दिवस

1. खोका समोर उघडायला लावा. ठेच, चीर, दाराची फट बघा. सीरियल नंबर बिलाशी ताडा, मगच सही करा.
2. फ्रिज वाटेत आडवा आणला असेल तर उभा करून काही तास थांबा, मग सुरू करा.
3. आधी रिकामाच चालवा, चांगला थंड झाल्यावर सामान भरा.
4. रात्री मधल्या फळीवर ग्लासभर पाणी ठेवा. सकाळी दार उघडताच त्यात थर्मामीटर बुडवा. पाच अंशांच्या आत आकडा हवा. जास्त आला तर थंडावा वाढवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. ताप मोजायचा थर्मामीटर चालणार नाही, शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा साधा थर्मामीटर लागतो.

औषधं असतील तर

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवतात. ते गोठलं तर वितळवूनही वापरायचं नाही. म्हणून फ्रीझरला किंवा मागच्या थंड पत्र्याला चिकटून ठेवू नका. दारातही नको, तिथे तापमान सतत वर-खाली होतं. मधली फळी, डबीत, ही योग्य जागा. वापरात असलेली बाटली किंवा पेन बहुधा चार आठवड्यांपर्यंत बाहेर चालतं, पण खोली २५ ते ३० अंशांच्या वर नसावी. नेमकी मर्यादा त्याच्या कागदावर वाचा. आपल्या उन्हाळ्यात खोली त्याच्या किती वर जाते, हे सांगायला नकोच.

वीज गेली तर दार उघडू नका. बंद फ्रिज साधारण चार तास थंडावा धरतो. फ्रिज बंद पडला तर औषध कुणाकडे न्यायचं, ते आजच ठरवून ठेवा. आमच्याकडे आता शेजारच्या भाभींशी तसा पक्का करार आहे, दोन्ही बाजूंनी.

जुन्या फ्रिजचं काय?

अंगणात किंवा गच्चीवर ठेवायचा असेल तर आधी त्याची दारं काढा. लहान मुलं खेळताना आत बसतात आणि दार लागलं की गुदमरतात. भंगारवाला नळ्या कापतो तेव्हा गॅस हवेत जातो. जुन्या फ्रिजमधला आर-१३४ए हा कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त तापमानवाढ करतो, आणि आर-६००ए असेल तर पेटण्याचा धोका. फ्रिज ई-कचऱ्याच्या नियमांत येतो. एक्स्चेंजमध्ये द्या किंवा अधिकृत ई-कचरा केंद्राला द्या.

तक्रार करायची वेळ आली तर

कंपनीकडे तक्रार नोंदवा, नंबर लिहून ठेवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, फक्त दोन वर्षांच्या आत जावं लागतं. मी १९१५ वर फोन केला तेव्हा चौथ्या दिवशी बोर्ड आलं. त्याआधीचे सात दिवस मी नुसती चिडत बसले होते.

खिशात ठेवायची यादी

- दुरुस्ती शक्य आहे का? दुसरं मत घेतलं का?
- सर्व्हिस आपल्या पिनकोडवर मिळते का?
- साठवण क्षमता किती, पातेलं बसतं का?
- वर्षाला युनिट किती? लेबलचा कालावधी कोणता?
- हवामान वर्ग "टी" आहे का?
- घरचं व्होल्टेज आणि अर्थिंग तपासलं का?
- कॉम्प्रेसर सोडून बाकी कशावर किती वॉरंटी?
- रोखीची शेवटची किंमत किती?

ही आठ उत्तरं हातात घेऊन दुकानात गेलात, तर विक्रेता तुम्हाला काचेचं दार दाखवणार नाही, तो पट्टी दाखवेल. गेल्या वर्षी माझ्या नणंदेने हीच यादी घेऊन साधा सिंगल डोअर फ्रिज घेतला. तिच्या मुलीने विचारलं, "अम्मी, लाल फुलांचा का नाही घेतला?" नणंद म्हणाली, "बेटा, फुलं गॅलरीत लावू."